एकादशीचा घाणा

१

शहरात औरंगपुऱ्यातल्या रामकिसनच्या दुकानातून नेलेलं ‘बालसत्त्व’ खाऊन दिवाळीच्या आठवड्यात पाच लेकरं जुलाब आणि तापानं दवाखान्यात पोचली. चौघं सावरून घरी गेली. पाचवी, चौदा महिन्यांची एक मुलगी, अजून सलाईनवर होती, आणि डॉक्टर तिच्या आईशी बोलताना भिंतीकडे बघत होते.

बालसत्त्व म्हणजे मोड आणलेली ज्वारी, नाचणी आणि मूग वाळवून, भाजून, दळून केलेलं पीठ. आधीच भाजलेलं, म्हणून पुडक्यावर छापलेलं असतं: ‘कोमट दुधात कालवा, शिजवायची गरज नाही.’ हे वाक्य माझं आहे. मी लक्ष्मीबाई. तीस वर्षं एका खाजगी प्रयोगशाळेत अन्नातले जंतू मोजले, आणि निवृत्त झाल्यावर घरात बसवेना म्हणून देवगाव रंगारीच्या बायकांच्या गटाला हे पीठ करायला शिकवलं. आठ वर्षांत एका पुडक्याची तक्रार आली नव्हती. मला त्याचा गर्व होता, तो काही मी लपवत नाही.

पुडकी माझ्याच जुन्या प्रयोगशाळेत तपासली गेली. साल्मोनेला निघाला, टायफॉइडच्या जंतूचा भाऊबंद. पण सगळ्या पुडक्यांत नाही. फक्त एका दिवशी दळलेल्या मालात, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, एकादशीच्या घाण्यात.

मी आधी रामकिसनला गाठलं. तो बिचारा अर्धा झाला होता.

“ताई, पुडकं इथं उघडतच नाही. जैसा आया वैसा गया. त्याच फळीवर नवमीच्या आधीचा माल होता, त्याला काही झालं नाही. मी काय एकाच तारखेच्या पुडक्यांवर पाणी शिंपडत बसलो का?”

त्याचं बरोबर होतं. सीलबंद पुडक्यांतही जंतू होता, म्हणजे घाण देवगावातच झाली होती. पुढच्या गुरुवारी सरकारी अधिकारी चौकशीला येणार होते, आणि चूक कुठे झाली, कुणाकडून झाली, याचा कागद गटाची सल्लागार म्हणून माझ्या सहीनं त्यांना द्यायचा होता. ज्याचं नाव त्या कागदावर येईल त्याच्यावर गुन्हा दाखल होणार होता.

रस्त्यातच आवडाबाईचा फोन आला.

“ताई, तुमी या. तुमच्याबिगर कोण हाय आमाला? आन् कुणी केलं तेबी कळलंय. सरूबाईनं कच्चं सोडलं.”

२

आवडाबाई गटाची अध्यक्ष आणि माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. मला मुलगी नाही, ती जागा तिनं कधी घेतली ते कळलंही नाही. दर महिन्याला एसटीच्या कंडक्टरच्या हाती माझ्या नातवासाठी सत्त्वाची पिशवी यायची. दिवाळीला पिशवी आणि वर अनारसे. यंदा नुसते अनारसेच आले होते, काम बंद असेल म्हणून मी मनावर घेतलं नाही.

शुक्रवारी देवगावात उतरले तर ती फाट्यावर उभी. माझ्या हातातली पिशवी तिनं काढून घेतली आणि डोळे पुसत पुढे चालू लागली.

कामाच्या जागेचे तीन भाग. अंगणात हौद, तिथं धान्य भिजवायचं आणि मोड आणायचे. मग भट्टीची खोली. आणि शेवटी कोरडी खोली, जिथं दळण आणि पुडकी भरणं चालतं. तिच्या दारावर मी आठ वर्षांपूर्वी स्वतः पाटी रंगवली होती: ‘या खोलीत पाणी आणायचं नाही.’ पहिल्याच दिवशी बायकांना सांगितलं होतं, की कोरड्या पिठात जंतू वाढत नाही, पण मरतही नाही. नुसता पडून राहतो, महिनोन्महिने. पाणी मिळालं की तो उठतो. म्हणून इथं फरशी पुसायची नाही, मशीन धुवायचं नाही, जे काय झाडायचं ते कोरड्या ब्रशानं.

मशीन उभं होतं. दर्शनी बाजूला कुंकवाची पाच बोटं ओढलेली, त्यांचे ओघळ पार खालपर्यंत उतरून वाळलेले. वर झेंडूची सुकलेली माळ.

“खंडेनवमीची पूजा मीच करते, ताई. दुसऱ्याचा हात लागू देत नाय. नवमीला पूजा केली, कुलूप घातलं, ते एकादशीला दळायलाच काढलं. मधी दसऱ्याची सुट्टी.”

मला ते बघून भरून आलं. लोखंडाच्या मशीनवर इतकी माया करणारी बाई, असं मनात आलं. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

“मग चुकलं कुठं?” मी विचारलं.

“भट्टीत. भाजणं सरूबाईकडं. धनगरवाड्यावरची हाय ती. घरात शेळ्या, अंगणभर लेंड्या. हात धुती का नाय कुणाला ठावं? मीच दया केली आन् कामावर घेतली.”

सरूबाई भट्टीच्या दाराबाहेर उकिडवी बसली होती. बाकीच्या बायका तिच्यापासून चार हात लांब. तिला आत यायची बंदी केली होती, हे तिच्या बसण्यावरूनच कळत होतं. धनगरवाड्यात तिच्या घरचं दूध घेणंही लोकांनी बंद केलं होतं.

“सरूबाई, एकादशीचा घाणा कच्चा राहिला होता का?”

तिनं मान वर केली. “बाई, दाणा दाताखाली कडकन फुटंस्तोर मी कढई उतरवत नाय. कच्चं सोडलं आसल तर हे हात तोडा. पन लेकरं मारणारी नका म्हनू.”

“कोण म्हणतं?”

“समदे म्हनतेत. माजी सूनबी मनातनं म्हनती. तिला सहावा महिना हाय, कालपास्नं माज्या हातचं खाईना.” मग ती उठून उभी राहिली. “मला लिवता येत नाय. पन माजी दोरी हाय. दोरी बगा.”

३

भट्टीच्या खोलीत खुंटीला एक लांब सुताची दोरी लोंबत होती, आणि तिला ओळीनं चिंधीच्या पुरचुंड्या.

“घाणा उतरला की एक मूठ बांधती. कंच्या घाण्याचं कसं झालं, पुढं इचारलं तर दाखवाया. सोमवारी बाजार, तव्हा निळी चिंधी. काम नसंल त्या दिशी खाड्याची नुसती गाठ.”

बाकीच्या बायका यावर हसायच्या. नजर लागू नये म्हणून बांधते म्हणायच्या. आणि मी, जिनं पगार घेऊन मोठमोठ्या कारखान्यांना ‘प्रत्येक घाण्याचा नमुना राखून ठेवा’ असं बजावलं, ती आठ वर्षं या खोलीतून ये-जा करत होते आणि मला वाटायचं दोरीला मसाला टांगलाय.

भाजलेल्या दाण्यांची ही मूठ म्हणजे पुरावाच. तिच्यात जंतू निघाला तर दोष भट्टीचा, म्हणजे सरूबाईचा. ती स्वच्छ निघाली तर दोष भट्टीच्या पुढचा.

सरूबाईनं दोरी बोटांनी चाचपत आणली. “ही अष्टमी. ही नवमीची गाठ, ही दसऱ्याची, दोन्ही खाडे. आन् ही एकादशी...”

तिचा हात थांबला. दसऱ्याच्या गाठीखाली पुरचुंडी नव्हती; पुढच्या घाण्यांच्या जागच्या जागी होत्या. सुताचं बोटभर टोक लोंबत होतं, कात्रीनं कापल्यासारखं सरळ.

मागून आवडाबाई म्हणाली, “बगा, ताई. पुरावा मिटवला बाईनं.”

सरूबाईनं नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेनं माझा शुक्रवार पुरता नासला.

४

कोरड्या खोलीच्या दोन किल्ल्या. एक आवडाबाईच्या कनवटीला, दुसरी मशीन सांभाळणाऱ्या बद्रीनाथकडे. हा बद्रीनाथ गावातला एकुलता एक मिस्त्री, मोटारीपासून पिठाच्या चक्कीपर्यंत सगळ्याला हात घालणारा. मी त्याच्या घरी गेले तर तो खुराड्यापुढं बसून कोंबड्यांना दाणे टाकत होता. खुराड्याच्या तोंडाला त्यानं तारेची जाळी बसवली होती. बारीक भोकांची, अर्धगोल वाकलेली. मी ती ओळखली. आमच्या दळणाच्या मशीनमधली, जिच्यातून पीठ बाहेर पडतं ती. आणि ती तांबडीलाल गंजलेली होती.

“ही इथं कशी?”

“बदलली न्हवं का. मी दसऱ्याला पैठणला, सासुरवाडीला. एकादशीला दुपारच्याला आवडाबाईचा फोन, जाळी गंजली, नवी टाक. दुसऱ्या दिशी येऊन टाकली. जुनी फेकायची कशाला म्हून इथं लावली.”

“किती वर्षं होती आत?”

“तीन झाली आसतील.”

“त्याआधी कधी गंजली?”

“कव्हाच नाय.”

“आणि तुला नवल वाटलं नाही?”

“वाटलं की!” तो दुखावून म्हणाला. “मी इचारलंबी. आवडाबाई म्हनल्या, यंदा हवा दमट हाय.”

यंदा देवगावच्या कन्नड तालुक्यात परतीचा पाऊस धड झाला नव्हता. लोकांच्या विहिरी दसऱ्यालाच तळाला गेल्या होत्या, आणि हवा म्हणे दमट. मी बद्रीनाथला पाना घेऊन उठवलं. दाराशीच उभं राहून त्याच्या सासऱ्याला फोनही लावायला लावला. म्हातारा नवमीपासून एकादशीपर्यंतची जेवणंसुद्धा मोजून सांगायला लागला, तेव्हा कुठे मी पुरे म्हटलं.

कोरड्या खोलीत त्यानं मशीनचं खालचं झाकण काढलं. दाणा पुढे ढकलणाऱ्या मळसूत्राच्या मागे, जिथं ब्रश पोचत नाही तिथं, पांढरट पापुद्रा धरला होता. मी नखानं खरवडला तर खपली निघाली. कणीक मळलेली परात तशीच ठेवली की दुसऱ्या दिवशी काठाला जे धरतं, तेच. कोरडं पीठ असं धरत नाही. या मशीनमध्ये कुणीतरी पाणी ओतलं होतं, तेही बादलीनं.

बद्रीनाथ पैठणला. मग किल्ली उरली एक. डोक्यात उत्तर येऊन उभं होतं आणि मी त्याला दारातून आत घेत नव्हते. किल्ली कुणी चोरली असेल. कुणी मागच्या खिडकीतून नळी सोडली असेल. तीस वर्षं कुणाच्या तोंडाकडे न बघता जंतू मोजणारी मी, त्या दुपारी आठ आठ सबबी शोधत होते.

खपली पिशवीत घातली आणि निघाले. फाट्यावर आवडाबाईनं मला वाटेसाठी भाकरी बांधून दिली.

“मग ताई, कागदावर भट्टीचंच लिवणार ना?”

५

एसटी यायला अवकाश होता. मी धनगरवाड्याकडे वळले. सरूबाईच्या अंगणात शेळ्या होत्या, लेंड्याही होत्या, आणि दारात हात धुवायला घंगाळ भरून ठेवलेलं होतं. मला बघताच तिनं आधी हात धुतले, मग बसायला घोंगडी टाकली.

“सरूबाई, त्या घाण्यातला एखादा दाणा तरी कुठं उरला असेल का? आठवा.”

सांगावं की नाही, असं तिच्या तोंडावर होतं.

“तुमी चोरी म्हनाल.”

“नाही म्हणणार.”

ती आत गेली आणि देव्हाऱ्यामागून एक पत्र्याचा डबा घेऊन आली. “घाणा उतरला की पयली मूठ बिरोबाची. आमच्यात नव्या दुधाची पयली धार देवाची आसती, तसंच मी घाण्याचं धरलं. दोरीवर एक आन् देवाला एक. वरीस सरलं की पाखरांना घालती. आवडाबाईंला सांगितलं न्हाई. गटाचा माल घरी नेती म्हनल्या आसत्या.”

डब्यात पुरचुंड्या होत्या, तशाच दोऱ्यात ओवलेल्या. अष्टमी. दोन गाठी. आणि त्यांच्याखाली एकादशी, अजून भाजल्याचा वास असलेली.

ती पुरचुंडी मी सीलबंद पिशवीत घातली आणि जे विचारायला धजत नव्हते ते विचारलं.

“बाजारच्या निळ्या सोडल्या तर दोरीवर सगळ्या चिंध्या सारख्याच. त्यातली नेमकी एकादशीची कोण काढू शकेल? तुमची मोजणी कुणाला कळते?”

“कुनाला नाय. समद्या हसतेत.” मग ती म्हणाली, “आवडाबाईंला येवडी कळती. मागल्या साली त्यांनीच बसवून इचारून घेतली. म्हनल्या, सरूबाई, तू लई हुशार हाईस.”

शनिवारी सकाळी दोन्ही नमुने प्रयोगशाळेत दिले. जंतू वाढवून ओळखायला चार-पाच दिवस लागतात. त्या दिवसांत मी आवडाबाईचे तीन फोन उचलले नाहीत. बुधवारी संध्याकाळी निकाल आला. सरूबाईच्या पुरचुंडीत साल्मोनेला नव्हता. मशीनमधली खपली त्यानं भरलेली होती.

६

गुरुवारी अधिकारी येण्याआधी तासभर मी आवडाबाईला कोरड्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

“ही कुंकवाची बोटं कुणाची?”

“माजीच की, ताई. सांगितलं न्हवं का?”

“कोरड्या लोखंडावर बोटांनी ओढलेलं कुंकू असं पार खालपर्यंत ओघळत नाही गं. तू ओल्या मशीनला कुंकू लावलंस.”

ती हसायला गेली, पण ते हसू आलं नाही.

“तीन वर्षं न गंजलेली जाळी दोन दिवसांत गंजली. मळसूत्रामागं पीठ भिजून वाळलंय. बद्रीनाथ पैठणला होता, म्हणजे किल्ली तुझी एकटीची. दोरीवरची नेमकी पुरचुंडी कापणारा माणूस सरूबाईची मोजणी जाणणारा हवा, आणि तीही तू एकटीच. सरूबाईनं भाजलेले दाणे स्वच्छ निघालेत. आता तू सांग.”

आवडाबाई मशीनला टेकून खाली बसली.

“पारोशी व्हती, ताई.”

“काय?”

“मशीन. आठ वर्षं पारोशी. खंडेनवमीला इळा धुत्यात, नांगर धुत्यात, न्हावी त्याचा वस्तरा धुतो. आन् लेकरांचं अन्न दळणारी हीच एक बिनआंघुळीची. पारोश्या अंगाला कुंकू लावताना दर साली माजा हात आडायचा. तुमी सांगितलं म्हून सात वर्षं दम धरला. यंदा हौदातनं दोन बादल्या आणल्या. वाटलं, दोन दिवस सुट्टी हाय, वाळंल.”

त्या हौदात मोडांचं धान्य भिजतं, त्याच्या काठावर पारवे बसतात, वाटेनं जाणारी जनावरं तोंड घालतात. भट्टी त्यातलं सगळं मारते, म्हणून चालतं. पण हे पाणी भट्टीच्या पुढं आलं. बंद खोलीत, ओल्या पिठात, जंतूला दोन दिवस कुणी हात लावला नाही. त्यानंतर स्वच्छ भाजलेले दाणे त्याच मशीनमधून गेले आणि ओली घाण सोबत घेऊन बाहेर पडले; पुढच्या घाण्यांपर्यंत उरलेली वाळून मळसूत्रामागं घट्ट चिकटली होती.

खरं सांगते, इथपर्यंत मी तिला माफ केलं असतं. कुशीत घेतलं असतं. चुकीत तिची मायाच होती, आणि मीही शहाणी कसली, आठ वर्षांत एकदाही खंडेनवमीला इथं आले नव्हते. आले असते तर तिच्या हाताला काय अडतं ते दिसलं असतं.

“दळताना पिठात गाठी आल्या असतील.”

“आल्या.”

“मग काय केलंस?”

“चाळून काढल्या.”

“वास?”

तिनं मान खाली घातली. “आंबूस व्हता. थोडाच. दिवाळीची मागणी आली व्हती. वाटलं, काय व्हतंय येवढ्यानं.”

“आणि सरूबाई?”

“मी आध्यक्ष हाय, ताई. माजं नाव गेलं तर गट बुडतो. तिचं काय, तिला कोण वळखतं? तुमच्या सहीचा कागद आसला की कुणी पुढं इचारलं नसतं.” मग हळूच म्हणाली, “तुमी माज्या शब्दाबाहेर जात नाय, मला ठावं व्हतं.”

म्हणजे मला तिनं शोध घ्यायला बोलावलंच नव्हतं. शिक्का मारायला बोलावलं होतं. आठ वर्षांचा माझा विश्वास तिनं नीट मोजून ठेवला होता आणि गरज पडली तेव्हा काढला. मला तिथंच रडू आलं, आणि तिच्यासमोर रडावं लागलं याचाच मला जास्त राग आला.

डोळे पुसून मी शेवटचं विचारलं. त्याचं उत्तर मला प्रयोगशाळेतून मिळणार नव्हतं.

“आवडे, दर महिन्याला माझ्या नातवाला सत्त्व पाठवतेस. दिवाळीला नुसते अनारसे का आले?”

तिनं वर पाहिलं. तिचे डोळे भरून आले, आणि ते अश्रू खरे होते.

“तुमचा नातू हाय ना वो, ताई.”

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. दवाखान्यात सलाईनवर पडलेली ती मुलगीही कुणाची तरी नात होती, हे मी तिला सांगितलं नाही. तिला ते ठाऊकच होतं, एकादशीपासून.

मी अधिकाऱ्यांना कागद दिला. त्यात आवडाबाईचं नाव लिहिलं, पाण्याच्या दोन बादल्या लिहिल्या, गाठी आणि वास लिहिला. ‘शिजवायची गरज नाही’ हे वाक्य माझं होतं आणि आठ वर्षं या खोलीची तपासणी मी मायेनं केली, डोळ्यांनी केली नाही, हेही लिहिलं. खाली सही केली. सरूबाईला अंगणात सगळ्या बायकांसमोर वाचून दाखवलं. ती भट्टीच्या खोलीत गेली, दोरी हातात घेतली आणि एकादशीच्या जागी खाड्याची गाठ मारली.

त्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यातून कळलं की मुलीची सलाईन काढली, तिनं आईच्या हातून दूध घेतलं. ऐकून मी देवापुढं दिवा लावला आणि मग स्वयंपाकघरात गेले. डब्यात चार अनारसे उरले होते. नातू मागत होता. त्यांत कसलाही दोष नव्हता, मला पक्कं ठाऊक होतं. तरी ते माझ्यानं त्याला देववले नाहीत.